धाव

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची जी पट्टी असते, तिला आपल्याकडे ‘धाव’ म्हणतात. लोहार ती शेणींच्या जाळात तापवून लाल करायचे, चाकावर बसवायचे आणि वरून पाणी ओतायचे. चर्र आवाज करत ती आकसायची आणि लाकडाला आवळून बसायची. चाकाच्या वहाणेला धाव म्हणणारा तो पहिला माणूस माझ्या लेखी कवीच. आज मी बोलणार आहे ते या धावेच्या रबरी वारसाबद्दल, म्हणजे टायरबद्दल. कवीने टायरवर बोलावं याचं नवल वाटेल, पण तशी वेळच आली.

जुलै २०२२ मधली गोष्ट. मुलगी कणकवलीला दिलेली. तिच्याकडे आलेल्या नातवाला घेऊन आम्ही गगनबावड्यावरून करूळ घाट उतरत होतो. गाडी मोठी, सात माणसांची, पण कुणाची तरी वापरलेली घेतलेली. पाऊस असा, की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसावेत. एका वळणावर ब्रेक दाबला आणि गाडीचा मागचा भाग घसरत बाजूला निघाला. कठड्यापासून हातभर अंतरावर थांबलो. नातू मागे झोपला होता, तो जागासुद्धा झाला नाही. बायको काही बोलली नाही. घाट संपेपर्यंत तिचे ओठ तेवढे हलत होते.

वैभववाडीला एका पंक्चरवाल्याने टायर पाहिले. नक्षी तर चांगली खोल होती. मी तसं म्हणालो, तर त्या पोराने टायरची बाजू ओल्या फडक्याने पुसली आणि चार आकडे दाखवले : ३११३. म्हणजे २०१३ सालचा एकतिसावा आठवडा. ‘काका, रबर म्हातारं झालंय,’ तो म्हणाला. अंगठ्याचं नख दाबून पाहिलं, तर लाकडासारखं लागलं. अब्बा ट्रक चालवायचे. गुळाची भरती घेऊन निघण्यापूर्वी ते प्रत्येक चाकावर तळहात फिरवायचे. त्यांचा मुलगा मी, आणि नऊ वर्षांच्या टायरवर घरची माणसं घाटात घेऊन गेलो होतो. दोष दुसऱ्या कुणाला देऊ?

मग वाचत गेलो. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत तडकायचं. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांचा मेळ सापडला आणि रबर ऋतूंना पुरून उरलं. स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं, पण जग ते विसरून गेलं. १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी ते नव्याने घडवलं. मुलाच्या गाडीपायी टायर जन्माला आला, हे मला फार आवडतं. सुरुवातीचे टायर पांढरट असत. काजळीची भर पडली तेव्हा ते काळे झाले आणि कितीतरी पट टिकू लागले. भारतात १९३६ साली बंगालमध्ये साहागंजला डनलॉपचा कारखाना निघाला. ते नाव आपल्या शिवारापर्यंत असं पोचलं, की रबरी चाकांच्या बैलगाडीला लोक ‘डनलॉप गाडी’ म्हणू लागले.

अब्बांच्या काळातल्या टायरमध्ये धागे एकमेकांवर तिरपे, फुलीसारखे असत. फ्रान्सच्या मिशलँ कंपनीने १९४६ मध्ये रेडियलचं पेटंट घेतलं. त्यात धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात आणि नक्षीखाली पोलादी पट्टा असतो. बाजू लवते, पण तळवा रस्त्यावर सपाट राहतो. आपल्याकडे जेके टायरने १९७७ मध्ये रेडियल आणले. त्यांचं पोट थोडं सुटलेलं दिसतं, म्हणून लोक हवा कमी आहे समजून उगाच जास्त भरून घ्यायचे. १९९०च्या दशकात रबरात सिलिका, म्हणजे वाळूच्या जातीची बारीक भुकटी, मिसळू लागले आणि ओल्या रस्त्यावरची पकड सुधारली. करूळ घाटात मला नेमकं हेच हवं होतं.

आता आपला जिल्हा बघा. शिरोळकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर गगनबावड्याला पाच हजारांच्या पुढे. गळीत हंगामात ट्रॅक्टर शेतातली माती डांबरावर आणून टाकतात, वर दहिवर पडलं की रस्ता साबणासारखा. एप्रिल-मेमध्ये डांबर तापतं ते वेगळंच. दुकानदार मोठ्या गाठींचे, डोंगरदऱ्यांतले टायर गळ्यात मारू पाहत होता. ते दिसायला रांगडे, चिखलात भले, पण ओल्या डांबरावर त्यांचा भरवसा कमी आणि आवाजही मोठा. आमची गाडी शंभरातले नव्वद किलोमीटर डांबरावर चालते. परदेशातले बर्फाचे टायर तर आपल्या उन्हात मेणासारखे झिजतील. मी डांबरी रस्त्याचेच घेतले, उभ्या रुंद खाचांचे. पाण्याला वाट मिळाली नाही तर चाक पाण्यावर तरंगतं, मग ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही नावापुरते. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटर उरेपर्यंत टायर चालतो. बावड्याच्या पावसात मी तीनच्या खाली जाऊ देणार नाही.

दुकानदार म्हणाला, दोनच घ्या, पुढे टाकू. हे मात्र उलटं आहे. दोनच घ्यायचे झाले तर नवे मागे टाकावेत, कारण मागचं चाक सुटलं की गाडी गिरकी घेते. ते मी घाटात पाहिलं होतं. चारही घेतले. प्रत्येकावरचे आकडे स्वतः पुसून वाचले. एकाची तारीख दोन वर्षांपूर्वीची निघाली, तो परत केला. तो नाराज झाला, चहा मात्र पाजला.

जुने टायर तो ठेवून घेणार होता. नक्षी चांगली होती ना, कुणीतरी घेतलेच असते. मी ते परत मागितले आणि त्याच्याच माणसाकडून तिघांच्या कडा चिरून घेतल्या. चौथ्याचा झोपाळा करून मुलीच्या परसात फणसाला टांगलाय.