नोंबु कंजी

तमिळनाडूतील मुस्लिम घरांत आणि मशिदींत रमजानचा रोजा सोडताना घेतली जाणारी तांदूळ व मांसाची खारी पेज. मांसाहारी पदार्थांत तिची गणना होत असली, तरी तिचा आधार मांस नव्हे, तांदळाची कणी आहे. वाटीभर कणीला थोडी मुगाची डाळ, चिमूटभर मेथीदाणे आणि मूठभर मटणाचा खिमा पुरतो. पाणी मात्र सात-आठ वाट्या लागते. कांदा, आले-लसूण व पुदिना तेलात परतून खिमा, मग कणी, डाळ व पाणी घालून मंद आचेवर शिजवतात. नारळाचे दूध शेवटी. ते जोरात उकळले तर फुटते. मोडलेल्या दाण्यातून पिष्ट लवकर सुटते, त्यानेच पेज दाट होते आणि दिवसभर कोरड्या राहिलेल्या पोटाला पाणी, मीठ व पिष्ट एकदम मिळते.

खिम्यावाचून ही नुसती पेजच उरेल, हा आक्षेप चवीपुरता खरा. परंतु खिमा वगळलेली कंजीही याच नावाने सर्रास वाटली जाते. उलट तांदूळ मोकळा शिजवला, तर होतो तो ओलसर भात. मशिदींतील कंजीसाठी राज्य सरकार रमजानमध्ये पुरवते तेही तांदूळच.