जमावापासून संशयिताचे संरक्षण (सातारा–सांगली)

चोरीच्या वा अपहरणाच्या संशयावरून लोकांनी धरलेल्या माणसाला मारहाणीतून सोडवून जिवंत पोलीस ठाण्यात आणणे, हे पोलीस पाटील व पोलीस यांचे कायदेशीर कर्तव्य. घोडाचोराला फासावर लटकवू पाहणाऱ्या जमावापुढे एकटा उभा राहणारा अमेरिकी सरहद्दीवरचा शेरीफ चित्रपटांमुळे सर्वांना ठाऊक आहे. प्रत्यक्षात १० जानेवारी १८६४ रोजी मोंटानातील बॅनक येथे ‘दक्षता समिती’वाल्यांनी शेरीफ हेन्री प्लमर यालाच दरोडेखोर ठरवून फाशी दिले. मुंबईचा शेरीफ म्हणजे मानाचे पद, त्याचा या कामाशी संबंध नाही. आपल्याकडे हे काम गावचा पोलीस पाटील आणि ठाण्याचा फौजदार यांच्याकडे येते.

सातारा जिल्ह्याचा माण–खटाव आणि सांगलीचा आटपाडी–जत हा पट्टा दुष्काळी, धनगरांच्या फिरत्या कळपांचा. वाड्यावरचे बिऱ्हाड घोड्यावर लादून मेंढपाळ महिनोन्‌महिने बाहेर असतात. मेंढरू, घोडे किंवा खिलार बैल चोरीला जाणे म्हणजे त्या घराची पुंजीच जाणे, त्यामुळे चोरावरचा राग समजण्यासारखा आहे. मात्र हा राग पहिल्यांदा पडतो तो फिरस्त्यांवर. पारधी, रामोशी, कैकाडी अशा जमातींना १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण ‘अनोळखी पाल पडलं की कोंबड्या मोजा’ ही वृत्ती तेवढ्याने गेली नाही.

या भागाची आणखी एक आठवण इथे नोंदवावी लागते. १९४२ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील, नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. लाड यांच्या ब्रिटिशविरोधी प्रतिसरकारने तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात लोकन्यायालये चालवली. (१९४९ मध्ये या जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले.) परक्या राज्याच्या कचेरीवर विश्वास नव्हता, दरोडेखोर व खबरे यांना तळपायांवर मार देण्याची शिक्षा लोकांना योग्य वाटली. त्या न्यायदानामागे संघटना होती, पंच होते, दोन्ही बाजू ऐकल्या जात. आज व्हॉट्सॲपच्या आरोळीवर जमलेल्या गर्दीने त्या परंपरेचा दाखला देणे म्हणजे प्रतिसरकारची बदनामी होय.

लवंगा प्रकरण : जत तालुक्यातील लवंगा हे कर्नाटकाच्या सीमेलगतचे गाव. सप्टेंबर २०२२ मध्ये मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवा फिरत होत्या. उत्तर प्रदेशातील चार साधू विजापूरहून पंढरपूरकडे मोटारीने निघाले होते. १३ सप्टेंबरला त्यांनी वाटेत एका मुलाला रस्ता विचारला. त्यावरून संशय आला, बाचाबाची झाली आणि काठ्या-पट्ट्यांनी त्यांना मारहाण झाली. उमदी पोलीस ठाण्याच्या पोलिसांनी त्यांना सोडवले, कागदपत्रे पाहिली, त्यांच्या गावाकडे चौकशी केली. ते खरोखरच एका आखाड्याचे साधू निघाले. साधूंनी तक्रार दिली नाही, तरी मारहाणीची चित्रफीत सर्वत्र पसरल्यावर पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवून अटक केली. चौघे वाचले, ही या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

सगळीकडे असे घडत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मंगळवेढ्याकडच्या पाच नाथपंथी डवरी गोसावी भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले होते. जमावाने तिथे घुसून त्यांना ठार केले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे तर पोलीस हजर असताना दोन साधू व त्यांचा चालक मारले गेले. खोलीला कुलूप आहे किंवा खाकी गणवेश दिसतो, एवढ्याने भागत नाही. संख्याबळ आणि पहिल्या तासाभरातला निर्णय लागतो. जमावाला दर वेळी चोरीचा संशयच लागतो असेही नाही: सातारा जिल्ह्यातील पुसेसावळी येथे १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री समाजमाध्यमावरील आक्षेपार्ह मजकुरावरून जमावाने मशिदीवर हल्ला केला, त्यात एकाचा जीव गेला.

कायदा : महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ प्रमाणे गुन्ह्याची खबर ठाण्याला देणे आणि गावात शांतता राखण्यास मदत करणे ही पोलीस पाटलाची जबाबदारी. त्याआधीची वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी संपली, तिच्याबरोबर तो दरारा गेला. नव्या पाटलाला मानधन आहे, हत्यार किंवा शिपाई नाही. ठाणे लांब असले की तोवर त्याच्या हाती केवळ शब्द असतो. चोर पकडण्याचा हक्क सामान्य माणसालाही आहे. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार त्याला विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. मारण्याचा हक्क कुठेच नाही. पहिल्या वेळच्या साध्या चोरीला कायद्यात जास्तीत जास्त तीन वर्षे कैद आहे. जात, समुदाय, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) अन्वये, १ जुलै २०२४ पासून, जन्मठेप किंवा देहदंड आहे. निव्वळ चोरीचा संशय त्या यादीत नावाने नाही, ही मोठी उणीव. तिथे नेहमीचे खुनाचे कलम लावावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी तहसीन पूनावाला प्रकरणात झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमण्याचा आदेश दिला.

कोठडी : जमावातून सुटलेला संशयित ठाण्यात पोहोचला की सुरक्षित झाला, असे धरून चालता येत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्यात लुबाडणुकीच्या गुन्ह्यात पकडलेल्या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. मारहाण करून मृतदेह आंबोली घाटात नेऊन जाळल्याच्या आरोपावरून उपनिरीक्षकासह पोलिसांनाच अटक झाली. लोकांना ‘कायदा हातात घेऊ नका’ सांगणाऱ्या यंत्रणेची पत अशा एका घटनेने जाते. लवंग्यासारख्या कामगिरीने ती हळूहळू परत मिळते. अटकेनंतर २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याचे बंधन संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसह, सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्याचा आणि त्यांचे चित्रण जपून ठेवण्याचा आदेश दिला.