एंजिनाचा ताप आणि पंख्याचा वारा

सन १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील मानहाइम शहराहून बेर्टा बेंझ ही स्त्री आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन, पतीने बनविलेल्या तीन चाकी मोटारीतून फोर्त्सहाइम येथे आपल्या माहेरी गेली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. मोटारीने केलेला जगातील पहिला लांबचा प्रवास म्हणून त्याची नोंद झाली आहे. या प्रवासात इंधनाची चणचण भासलीच. परंतु वाटेत मिळेल तेथे थांबून पुनःपुन्हा जे भरून घ्यावे लागले ते साधे पाणी होते. त्या गाडीचे एंजिन पाण्याची वाफ करून थंड राहत असे, आणि वाफ एकदा आकाशात गेली की परत येत नसे.

हेच १८८८ साल किर्लोस्कर उद्योगाचे आरंभवर्ष मानले जाते. त्या उद्योगाचा उगम बेळगावातील एका सायकलच्या दुकानात झाला. बेळगाव जिल्ह्यातच जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे १९१० साली औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली आणि १९२६ साली तेथे पाणी उपसण्याचे पंप तयार होऊ लागले. फिरत्या चक्राच्या जोराने पाणी परिघाकडे फेकावयाचे, हे त्या पंपाचे तत्त्व. मोटारीच्या एंजिनात पाणी खेळविणारा वीतभर पंप त्याच तत्त्वावर चालतो. विहिरीवरचा पंप शेताला पाणी देतो, हा एंजिनाला देतो, कुळ एकच.

बेळगावच्या मुलुखाला चढणीच्या वाटांवरील तापाचा अनुभव मोटारी येण्यापूर्वीपासूनचा आहे. वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेला माल बेळगावच्या लष्करी छावणीकडे आंबोलीच्या घाटाने बैलगाड्यांतून चढत असे, आणि आंबोली हा त्या वाटेवरील मुक्काम होता. चढण चढून आलेले बैल धापा टाकतात, त्यांना सावलीत उभे करावे लागते, हे गाडीवानास शिकवावे लागत नसे. मालमोटार आली तेव्हा बैलाची धाप रेडिएटरच्या झाकणातून वाफेच्या रूपाने बाहेर पडू लागली, इतकाच फरक झाला.

डिझेलमध्ये जी शक्ती साठलेली असते तिचा फार तर एक तृतीयांशाच्या आसपास भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो. मोठा वाटा धुराड्यातून निघून जातो आणि सुमारे चौथा हिस्सा सिलिंडरभोवतीच्या पाण्यात उतरतो. हे पाणी आपली उष्णता रेडिएटरच्या नळ्यांतून हवेला देते. विल्हेल्म माय्‌बाख या जर्मन अभियंत्याने १९०० साली पहिल्या मर्सिडीज गाडीसाठी जो रेडिएटर रचला, त्यात सहा मिलिमीटर चौकोनी अशा ८०७० बारीक नळ्या मधमाशांच्या पोळ्याप्रमाणे एकत्र बसविल्या होत्या आणि त्यांच्यामागे एक पंखा होता. गाडी वेगात असली की समोरचा वारा पुरेसा होई. गाडी मंदावली की पंखा तो वारा ओढून घेई. त्यानंतर शतकभर या मांडणीत मूलतः फारसा बदल झाला नाही. एंजिनाच्या पुढच्या टोकाला कप्पी, कप्पीवर रबरी पट्टा, आणि त्या एकाच पट्ट्यावर पाण्याचा पंप, पंखा व वीज निर्माण करणारा डायनॅमो, असा तिहेरी संसार चालू राहिला. पट्टा तुटला की तिन्ही अवयव एकदम बंद. मात्र पट्टा तुटला की फटका ऐकू येई आणि डायनॅमोचा लाल दिवा पेटे. या प्रामाणिकपणाचे मोल पुढे कळावयाचे होते.

१९५४ साली टेल्को कंपनीने जमशेदपूर येथे डाइमलर-बेंझच्या सहकार्याने मालमोटारी बनविण्यास प्रारंभ केला. लांब नाकाच्या, नव्वद-शंभर अश्वशक्तीच्या त्या टाटा-मर्सिडीज गाड्या आणि त्यांच्या जोडीला मद्रासकडील लेलँड गाड्या पुणे-बंगलोर रस्त्यावर दिसू लागल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन बेळगाव व निपाणी म्हैसूर राज्यात गेली. त्या प्रश्नाने माणसांची मने अनेक वर्षे ढवळून काढली. निपाणीची तंबाखू मात्र पोत्यांत भरून दोन्ही दिशांना जातच राहिली. निपाणीहून बेळगावकडे निघाले की स्तवनिधीजवळ तवंदीचा घाट लागतो. सह्याद्रीच्या कड्यांवरील घाटांपुढे तो लहानसाच. तरीही भरगच्च माल, उन्हाळ्याची दुपार आणि म्हातारे एंजिन हे तीन ग्रह एका राशीला आले की तेवढी चढणही पुरे होते.

या टापूची उंचीही येथे विचारात घ्यावी लागते. समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर उघड्या भांड्यातील पाणी शंभर अंशांऐवजी सुमारे सत्त्याण्णव अंशांवरच उकळते, आणि हवाही विरळ असते. रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंग बसवून आतील दाब वाढविण्याची युक्ती यावरचीच आहे: बाहेरच्यापेक्षा एक वातावरण अधिक दाब ठेवला तर पाणी एकशेवीस अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. परंतु हेच झाकण गरम असताना उघडले तर दाब एकाएकी सुटतो आणि उकळत्या पाण्याचा फवारा तोंडावर येतो. घाईने झाकण फिरवून हात-तोंड भाजून घेतलेले क्लीनर या महामार्गावर थोडे झाले नाहीत. तापलेल्या एंजिनात एकदम गार पाणी ओतणे हा दुसरा अपराध. ओतीव लोखंडाचे हेड त्याने तडकते, आणि हेड तडकले म्हणजे एका गाडीवर संसार चालविणाऱ्या मालकाचा कर्जाचा हप्ता चुकतो.

जुने चालक यातून एक विद्या शिकले. घाटात वरच्या गिअरमध्ये गाडी रेटली तर एंजिनाचे फेरे कमी पडतात, पंखा व पंप मंद चालतात, आणि भार तर पुरा असतो. पाणी उकळते ते अशा वेळी. खालचा गिअर वेळेवर टाकला तर गाडी चालते मुंगीच्या पावलांनी, पण एंजिन जोरात फिरते आणि पंखाही सोसाट्याने वारा ओढतो. माथ्यावर पोचल्यावर एंजिन लगेच बंद करावयाचे नाही, ही त्याच विद्येची दुसरी ओळ. बंद केले की पंप थांबतो, लोखंडात साठलेली उष्णता स्थिर पाण्यात उतरते, आणि घाट न उकळता चढलेली गाडी माथ्यावर उभ्या उभ्या उकळते. पट्ट्याच्या पंख्याला नावे ठेवताना हे विसरू नये की चढणीवर, जाणत्या हातात, तो इमानी नोकर आहे.

त्याचा दोष अन्यत्र आहे. पंख्याचे फेरे दुप्पट झाले तर हवा दुप्पट ओढली जाते, पण त्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. सपाट रस्त्यावर गाडी वेगाने धावत असते, समोरून वारा फुकट मिळत असतो, आणि तरीही पट्ट्याला बांधलेला पंखा एंजिनाच्या जिवावर शक्ती खात गरगरत असतो. उलट नाक्यावर रांगेत गाडी अडकली असता वारा शून्य, आणि पंखाही पेंगुळलेला. ज्याला जेवणाची गरज नाही त्याला पंचपक्वान्ने व भुकेल्याला चिमूटभर भात, असा हा कारभार. पंख्याचा पुढचा सारा इतिहास म्हणजे त्याला एंजिनाच्या फेऱ्यांपासून सोडविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

फ्रान्समधील पेजो कारखान्याच्या १९६० च्या ४०४ गाडीत पंख्याला विद्युत्‌चुंबकाची कळ होती. पाणी तापले की चुंबक पंख्याला कप्पीशी जोडी, निवले की सोडून देई. दुसरी युक्ती अधिक मूक व अधिक टिकाऊ ठरली. पंखा आणि कप्पी यांच्या मध्ये सिलिकोनचे घट्ट तेल ठेवावयाचे. रेडिएटरमधून येणारी हवा गार असेल तर तेल बाजूला राहते आणि पंखा अर्धवट घसरत फिरतो. हवा तापली की दोन धातूंची जोडपट्टी वाकते, झडप उघडते, तेल मध्ये शिरते आणि पंख्याला घट्ट पकडते.

तिसरी युक्ती विजेची. तिला इतका उशीर का झाला, याचे उत्तर डायनॅमोत आहे. एंजिन मंद फिरत असताना डायनॅमो जवळजवळ काहीच वीज देत नसे, आणि विजेच्या पंख्याची खरी निकड नेमकी त्याच वेळी. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले, १९६० नंतर डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर येऊ लागला, आणि मंद गतीतही वीज मिळू लागली. पुढे एंजिन आडवे बसविलेल्या लहान मोटारी आल्या. त्यांत एंजिनाचे टोक रेडिएटरकडे नसतेच, तेव्हा पट्ट्याने पंखा फिरविणे अवघड झाले. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली, तेव्हा गाडी उभी असताना पंखा आपोआप चालू होतो व आपोआप थांबतो, याचे अनेकांना नवल वाटले. ॲम्बॅसडर व पद्मिनी यांवर वाढलेल्या मेस्त्र्यांना तो पंखा प्रथम बिघडलेलाच वाटला असेल तर त्यात आश्चर्य नाही.

मग हाच पंखा मालमोटारीला का बसवू नये, असा प्रश्न सहज उद्भवतो. लहान पिकअप गाडीला तो बसतो आणि चांगला चालतोही. मोठ्या ट्रकच्या बाबतीत मात्र आधी थोडा हिशेब मांडला पाहिजे. शंभर अश्वशक्तीचे डिझेल एंजिन पूर्ण भाराखाली पाण्याला सुमारे साठ किलोवॅट उष्णता देते. रेडिएटरमधून जाताना हवा तीस अंशांनी तापते असे धरले, तर ही उष्णता वाहून नेण्यास दर सेकंदाला दोन किलोग्रॅम हवा हवी. बेळगावच्या उंचीवर, चाळीस अंश तपमानात, ती जवळजवळ दोन घनमीटर भरते. मोटारीतला दोन-तीनशे वॅटचा पंखा रेडिएटरच्या दाट जाळीतून एवढा वारा ओढील ही आशा व्यर्थ आहे. आजचे ट्रक तर याच्या दुप्पट-अडीचपट अश्वशक्तीचे असतात. त्यांच्या पंख्याला पाच किलोवॅट द्यावयाचे म्हटले तर चोवीस व्होल्टच्या तारांतून दोनशे ॲम्पिअरहून अधिक प्रवाह वाहिला पाहिजे. जुन्या ट्रकच्या अल्टरनेटरची ऐपत याच्या जवळपासही नसते. शिवाय एंजिनाची शक्ती पट्ट्याने अल्टरनेटरला, अल्टरनेटरची वीज मोटरला, आणि मोटरची शक्ती पंख्याला, अशा तीन हातांतून जाताना तिचा निम्म्याच्या आसपास भाग वाटेतच उष्णता होऊन जातो. म्हणून बड्या मालमोटारींनी सिलिकोन तेलाचा मार्ग धरला, आणि ज्या बसगाड्यांचा रेडिएटर मागे बाजूला असतो त्यांपैकी काहींनी एका मोठ्या पंख्याऐवजी अनेक लहान विद्युत् पंख्यांचा.

जेथे बदल शक्य आहे तेथेही तो तपशिलावर टिकतो. पंख्याभोवती पत्र्याचे वा प्लॅस्टिकचे कडे नसेल तर पंखा जाळीतून हवा न ओढता कडेचीच हवा घुसळत बसतो. तारांची अदलाबदल झाली तर तो उलटा फिरतो आणि समोरच्या वाऱ्याशी भांडतो. जाड तार, रिले आणि योग्य फ्यूज यांत केलेली काटकसर वायरिंग जाळते. सर्वांत मोठी गोष्ट ही की विजेचा पंखा मुकाट्याने मरतो. पट्टा तुटल्याचा फटका होत नाही, लाल दिवा लागत नाही, कारण अल्टरनेटर तर चालूच असतो. चालकाला पहिली खबर तपमापकाचा काटा देतो, आणि तो काटा कित्येक जुन्या गाड्यांत वर्षानुवर्षे एकाच जागी झोपलेला असतो. पंखा बदलण्यास निघालेल्या मालकाने आधी तो काटा जागा करून घ्यावा, हे उत्तम.

विजेच्या पंख्याचा एक गुण मात्र दुसऱ्या कोणालाही साधलेला नाही. एंजिन बंद झाल्यावरही तो काही मिनिटे फिरू शकतो, आणि त्याच्या जोडीला विजेवरचा लहान पंप असला तर माथ्यावरची ती जुनी उकळी टळते.

दरम्यान मालमोटारीच्या रेडिएटरवरचा बोजा वाढतच गेला आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मर्यादांसाठी अनेक एंजिनांत धुराचा काही भाग थंड करून पुन्हा सिलिंडरमध्ये सोडतात. त्याची उष्णता त्याच पाण्यात येते. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालमोटारींत चालकाच्या केबिनला वातानुकूलन आवश्यक झाले. तवंदी चढताना भट्टीशेजारी बसावे तसे बसणाऱ्या चालकाला हा न्याय फार उशिरा मिळाला. परंतु केबिनमधली उष्णता बाहेर टाकणारी जाळीही बहुधा रेडिएटरच्या पुढेच बसते, आणि रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापून येते.

निपाणीच्या बाजूने आज जो भरलेला ट्रक तवंदीच्या चढणीला लागतो, त्याचा आवाज प्रथम केवळ एंजिनाचाच असतो. अर्ध्या चढणीवर त्यात एकाएकी दुसरी घरघर मिसळते, जणू एखादे विमान जवळून जात आहे. सिलिकोनचे तेल मध्ये शिरून पंख्याने कप्पीला घट्ट धरलेले असते. माथा ओलांडून गाडी पठारावर आली की दोन-तीन मिनिटांत तो आवाज विरतो, आणि मागे चाकांची सळसळ तेवढी राहते.