उंदीर आजारी पडत नव्हता तेव्हा

२०२० साली नागपुरात, नंदनवनसारख्या दाट वस्त्यांत, घरेच्या घरे करोनाने आजारी पडली. घरातल्या उंदराला मात्र हा विषाणू बाधत नव्हता. उंदराच्या दृष्टीने हे बरेच झाले. पण शास्त्रज्ञांपुढे त्यामुळे मोठा पेच उभा राहिला.

विषाणूशास्त्राचा बराचसा इतिहास उंदरांच्या पिंजऱ्यांतच घडला आहे. १९५७ साली क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली. तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्या रोगाचा विषाणू उंदरांना टोचूनच वेगळा केला. हेच केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणून ओळखले जाते. करोना कुळातला, उंदरांच्या मेंदूला आणि मज्जारज्जूला सूज आणणारा एक विषाणू अमेरिकेत १९४९ सालीच सापडला होता. आयोवा विद्यापीठातील स्टॅनली पर्लमन यांनी अशा विषाणूंवर अनेक वर्षे काम केले. त्या काळी ते कोणाला फारसे महत्त्वाचे वाटत नव्हते.

२००३ साली सार्सची साथ आली आणि चित्र बदलले. हा विषाणू आपल्या पेशीवरील एसीई-२ या प्रथिनाला चिकटून आत शिरतो. प्रथिन हे कुलूप, तर विषाणूवरचा काटा ही किल्ली. उंदराचे कुलूप थोडे वेगळे असल्याने किल्ली नीट फिरत नाही. म्हणून पर्लमन आणि त्यांचे सहकारी पॉल मॅक्क्रे यांनी माणसाच्या एसीई-२ चे जनुक उंदरात घातले. असे उंदीर सार्सने गंभीर आजारी पडतात, हे त्यांनी २००७ साली दाखवले. तोवर साथ ओसरली होती. पुढे २०२० साली, गोठवून ठेवलेल्या शुक्राणूंपासून ही जात पुन्हा वाढवावी लागली. अर्थात, या उंदरांच्या मेंदूतही विषाणू शिरतो आणि बहुधा त्यानेच ते मरतात. म्हणजे ही माणसाच्या आजाराची हुबेहूब नक्कल नव्हे.

आता आपल्याकडची कोव्हॅक्सिन पाहा. ती प्रथम साध्या उंदरांना टोचली गेली. लस सुरक्षित आहे का, प्रतिपिंडे तयार होतात का, हे त्यातून कळले. पण रोगापासून बचाव होतो का? जो आजारीच पडत नाही, त्याचा बचाव तपासणार कसा? म्हणून पुण्यात सीरियन हॅमस्टर आणि लाल तोंडाची २० माकडे घ्यावी लागली. टाळेबंदीमुळे शहरात खाणे मिळेना, म्हणून माकडे जंगलात गेली होती. वनखात्याच्या मदतीने बराच शोध घेतल्यावर ती नागपूरजवळ सापडली. पाच-पाचांचे चार गट केले. तीन गटांना लसीची वेगवेगळी रूपे दिली, चौथ्याला नुसते औषधहीन द्रव्य. दुसऱ्या मात्रेनंतर १४ दिवसांनी सर्वांना विषाणू दिला. लस न मिळालेल्या गटात न्यूमोनिया आढळला. लस मिळालेल्यांत नाही.

या ज्ञानाची किंमत मुक्या प्राण्यांनी मोजली, हे विसरता येत नाही. म्हणूनच कोणता प्राणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो, हे आधी ठरवणे हा शास्त्राचा आणि माणुसकीचाही भाग आहे.

गोष्ट येथे संपली नाही. २०२० च्या अखेरीस पुढे आलेल्या काही नव्या प्रकारांत विषाणूच्या काट्यातला एक विशिष्ट घटकही बदलला होता. तेवढ्याने किल्ली साध्या उंदराच्या कुलपातही फिरू लागली. असे का झाले असावे, हे वर्गात विचारून पाहा. उत्क्रांतीचा धडा तिथूनच सुरू करता येईल.