माहुली : एका राज्याचा शेवटचा गड

१/ डोळखांबहून शहापूरला आले की सुळक्यांची एक डोंगररांग नजरेत भरते. पळसगड, माहुली आणि भंडारगड या तीन दुर्गांचे हे त्रिकूट.

२/ १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांनी घेतला. तेव्हा शहाजीराजांनी निजामशाही वंशातील एका बालकाला गादीवर बसवून बुडते राज्य तीन वर्षे तोलून धरले. १६३६ मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजांनी त्यांना माहुलीवर कोंडले. बालशहा मोगलांच्या स्वाधीन करावा लागला; निजामशाही संपली.

३/ पुढे शिवरायांनी माहुली स्वराज्यात आणला, पण १६६५ च्या पुरंदर तहात तो मोगलांकडे गेला. १६७० च्या फेब्रुवारीतील मराठ्यांचा हल्ला किल्लेदार मनोहरदास गौड याने परतवला. अखेर जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी गड जिंकला.

४/ आज माथ्यावर ढासळलेला महादरवाजा, पहारेकऱ्यांच्या देवड्या, माहुलेश्वराचे मंदिर आणि नमाजगीर उरले आहेत.  मंदिर आणि नमाजाची जागा एकाच गडावर पाहिली, की इथे किती सत्ता नांदल्या ते कळते. पित्याला सोडावा लागलेला हा गड पुत्राच्या सैन्याने चौतीस वर्षांनी परत मिळवला, हे ठाऊक असेल तर त्या देवड्यांपाशी पाऊल आपोआप थांबते.