वाटाण्याचा अंकुर आणि कांद्याचं गाव

१९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि तिच्यासमोर कॅमेरा मांडला. रोज थोडं थोडं चित्रण करायचं, असं जवळजवळ महिनाभर चाललं. मग ती फीत पडद्यावर फिरवली, तेव्हा महिन्याभराची वाढ बघता बघता डोळ्यांसमोर उभी राहिली. मातीतून कोंब वर आला, पानं फुटली, वेल वाढला. फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल हवं होतं, आणि नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवून पैसे देणारं कुणी भेटत नव्हतं. वाटाण्याचा वेल पाहून कर्ज मिळालं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

श्रोतेहो, फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. पहिला चित्रपट १९१३ साली लागला, त्यानंतर ते बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले आणि १९४४ साली नाशकातच त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या त्या वाटाण्याला मी आपल्या जिल्ह्यातल्या माणसाने पडद्यावर केलेली पहिली जाहिरात मानतो. मूकपटाचा जमाना, त्यामुळे तिच्यात कुणी बोलत नाही हे ओघानेच आलं. पण ती कुणाच्या अंगावरही येत नाही. एक दाणा उगवतो एवढंच दाखवते आणि बघणाऱ्याला त्याचं त्याला ठरवू देते. सुरुची म्हणतात ती हीच, असं मला वाटतं.

गावांची जाहिरात मात्र कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीपासून होत आली आहे. मुघल अमदानीत नाशिकला गुलशनाबाद म्हणू लागले. गुलशन म्हणजे फुलबाग. आता एखाद्या शहराला फुलबागेचं नाव देणं, ही जाहिरात नाही तर काय? पुढे मराठ्यांच्या ताब्यात आल्यावर जुनं नाव परत आलं. गुलशनाबाद हे नाव मला आवडतं, असं मी म्हटलं की काही मंडळी माझ्या नावाकडे बघतात. अहो, मला नाशिक हे नावही तितकंच आवडतं. शूर्पणखेचं नाक कापलं गेलं ती ही जागा, अशी गोष्ट सांगून शतकानुशतकं यात्रेकरूंना बोलावणारं गाव दुसरं कुठलं असेल! नाक कापलं जाणं एरवी बदनामीचं. इथे त्याचंच नाव झालं.

अलीकडच्या काळात नाशिकला आणखी एक ओळख मिळाली ती द्राक्षांची आणि वाइनची. या ओळखीची वाट मजेशीर आहे. दारूची जाहिरात दूरचित्रवाणीवर करायला कायद्याने बंदी. मग वाइनरीवाल्यांनी बाटलीऐवजी बाग दाखवली. माणसांनाच मळ्यात बोलावलं, सूर्यास्त दाखवला, गाण्याबजावण्याचे महोत्सव भरवले. दहा-पंधरा वर्षांत मुंबईच्या माणसाच्या मनातलं नाशिक बदललं. ते चांगलं झालं की वाईट, यावर आमच्याकडे घरोघरी वाद आहेत. मी त्यात पडत नाही.

आमच्या लासलगावला मात्र कुणी फुलाचं नाव दिलं नाही. आमच्या वाट्याला कांदा आला. इथली बाजार समिती १ एप्रिल १९४७ ची, म्हणजे स्वातंत्र्यापेक्षा साडेचार महिन्यांनी मोठी. ‘आशियातली सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ’ हे वाक्य आमच्याकडे मूल बोलायला लागलं की लगेच शिकतं. सगळा आशिया मोजून कोण आलं होतं, असं विचारायचं नसतं. माझे अब्बा बाजारात बारदान शिवायचे. दाभणाने बोटं सोलवटलेली असायची, पण पाहुणा आला की हे वाक्य त्यांच्याही तोंडी हमखास यायचं. गावाची जाहिरात म्हणाल तर एवढीच, आणि तीही तोंडी.

दूरदर्शनचं मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. १९७६ च्या जानेवारीपासून त्यावर जाहिराती दिसू लागल्या. आमच्या भागात घरोघरी अँटेना दिसायला लागल्या त्या ऐंशीच्या दशकात. १५ ऑगस्ट १९८८ ला ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ लागलं, तेव्हा मी कॉलेजात होतो. पंडित भीमसेन जोशी धबधब्यापाशी उभे राहून सुरुवात करतात आणि मग एकेक भाषा येत जाते. ही एका देशाची जाहिरातच होती. ना साबण, ना चहापत्ती, ना मत. तिच्यात मराठी आली तेव्हा आमच्या वाड्यात कुणीतरी टाळी वाजवली होती. काही सेकंदांपुरतं का होईना, पडद्यावर आपलं काहीतरी होतं.

गावाच्या नावाने मन हलावं अशी जाहिरात मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती शेजारच्या गुजरातेतली. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ १९७६ साली आला. खेडा जिल्ह्यातल्या दूध चळवळीची ती गोष्ट, आणि तिला पैसा पुरवला पाच लाख दूध उत्पादकांनी. प्रत्येकी दोन रुपये! प्रीती सागर यांनी गायलेलं त्यातलं गाणं पुढे अमूलने दूरचित्रवाणीवरच्या आपल्या जाहिरातीला वापरलं. पहाटे डोक्यावर भांडी घेऊन निघालेल्या बायका, संकलन केंद्रापुढची रांग, बस्स. ते बघून आणंद कुठे आहे हे नकाशात न शोधताही माणसाला त्या गावाबद्दल आदर वाटू लागला.

मग कांद्याचं असं का झालं नाही? याचा मी बराच विचार केला आहे, आणि त्याचं कारण कवितेत नाही, हिशेबात आहे. आणंदच्या बाईने ओतलेलं दूध पिशवीत बंद होऊन मुंबईच्या दारात पोचेपर्यंत तिच्याच संस्थेच्या मालकीचं असतं. पिशवीवर नाव असतं. जाहिरातीवर खर्च केलेला रुपया फिरून तिच्याकडेच येतो. कांद्याचं तसं नाही. ट्रॉलीतला कांदा लिलावात बोलला गेला, काट्यावर गेला, की शेतकऱ्याचा त्याच्याशी संबंध संपला. मग तो व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो. तिथे बायका ढिगापाशी बसून तो निवडतात. मोठा वेगळा, मध्यम वेगळा, गोल्टी वेगळी, सडका बाजूला. पुढे जाळीच्या गोणीत भरून ट्रकने नाहीतर रेल्वेने बिहारला, बंगालला, आसामला. निर्यात असेल तर बांगलादेश, श्रीलंका, मलेशिया, दुबई. पहिल्या गोदामात पोचला की त्याचं गाव गळून पडतं. पाटण्याच्या भाजीवाल्याकडे तो ‘नासिक का प्याज’ असतो, तोही भाजीवाला बोलका असेल तर. २०१६ साली लासलगाव कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आम्हाला आनंद झाला, पेढेही वाटले गेले. पण मानांकनाचा कागद गोणीवर कसा शिवायचा, हे अब्बांनाही सांगता आलं नसतं.

नाव गळण्याचा आणखी एक नमुना सांगतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावात २००२ साली विकिरण केंद्र सुरू केलं, ‘कृषक’ नावाचं. कांद्याला कोंब फुटू नये हा मूळ हेतू. पण २००७ साली अमेरिकेची दारं भारतीय आंब्याला बऱ्याच वर्षांनी उघडली, तेव्हा तिकडे जाणाऱ्या हापूसवर विकिरण करायची सोय इथेच होती. कोकणातला राजा लासलगावला मुक्काम करून अमेरिकेला गेला. वर्तमानपत्रांतून हापूसचे फोटो आले. आमच्या गावाचा फोटो आल्याचं मला आठवत नाही.

तरीही लासलगाव दूरचित्रवाणीवर दिसत नाही असं मात्र नाही. या आकाराच्या दुसऱ्या कुठल्या गावावर इतके कॅमेरे आले असतील असं मला वाटत नाही. फक्त ते बोलावलेले नसतात. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत कांद्याचा भाव प्रचाराचा मुद्दा झाला. त्याच वर्षी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ऊस-कांद्याच्या भावासाठी आमच्या जिल्ह्यात आंदोलन केलं आणि आमच्याच निफाड तालुक्यात खेरवाडीला रेल्वे रोखणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं गेली. तेव्हा वाहिन्या नव्हत्या. त्याचं चित्र फक्त म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे. १९९८ साली कांदा भडकला आणि दिल्लीतलं सरकार पडण्यात त्याचा हात असल्याचं बोललं गेलं. तेव्हापासून कॅमेऱ्याची एक ठरलेली वाट पडली आहे. भाव चढला की कॅमेरा दिल्लीच्या स्वयंपाकघरात जातो आणि गृहिणीला विचारतो, ‘आता कसं करणार?’ भाव पडला की तोच कॅमेरा लासलगावला येतो आणि शेतकऱ्याला विचारतो, ‘आता कसं वाटतंय?’ २०१८ साली तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने साडेसात क्विंटल कांद्याचे आलेले हजार-अकराशे रुपये पंतप्रधानांना मनिऑर्डरने पाठवले, तेव्हा आले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, लिलाव बंद पडले, तेव्हा आले. डिसेंबरात निर्यातबंदीच झाली, तेव्हा पुन्हा आले. रस्त्यावर ओतलेला कांदा त्यांना लागतो. एकदा एका वाहिनीच्या मुलाने रस्त्यावर कुठे ओतलाय का, असं मला चौकात विचारलं होतं. नाही म्हटल्यावर बिचारा हिरमुसला.

म्हणजे आमच्या गावाची जाहिरात रोज होतेच आहे. ती आम्ही केलेली नाही एवढंच.

असं दुसऱ्यांनी रंगवलेलं चित्र पुसता येतं का? न्यूयॉर्कचं उदाहरण देतात. १९७५ साली ते शहर दिवाळखोरीच्या काठावर होतं, आणि तिथल्या पोलिसांच्याच संघटनांनी नोकरकपातीच्या विरोधात ‘भीतीचं शहर’ असं लिहिलेली, कवटीचं चित्र असलेली पत्रकं काढली होती. दोन वर्षांनी तिथल्या राज्य सरकारने मोहीम काढली. मिल्टन ग्लेझर नावाच्या चित्रकाराने टॅक्सीत बसल्या बसल्या एक लाल बदाम काढला, शहराच्या नावामागे लावला आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत. दूरचित्रवाणीवर रंगभूमीचे नट-नट्या गाऊ लागले. शहराची तिजोरी गाण्याने भरली नाही, ती दुसऱ्या उपायांनी सावरली. पण तिथे राहणाऱ्यांची मान वर झाली हे खरं. आपल्याकडे मध्य प्रदेशाने २०१० मध्ये नुसत्या हातांच्या सावल्यांतून वाघ, देवळं, किल्ले दाखवले. त्यात एकही मंत्री नव्हता. गुजरातने त्याच सुमारास अमिताभ बच्चन यांना गीरच्या सिंहांपुढे उभं केलं. आपलं महाराष्ट्राचं पर्यटन ‘अनलिमिटेड’ म्हणवून घेतं. पण आपल्या चित्रफितींत बहुधा किल्ला, समुद्र, लेणी, फेटा, ढोल हे सगळं एकाच मिनिटात कोंबलेलं असतं. माझ्यासारखा माणूस त्यात असलाच तर टोपी घालून कुणाला तरी मिठी मारत असतो, दोन सेकंद. मराठी बोलताना दिसत नाही.

हे सगळं आज सांगायचं कारण असं, की गेल्या वर्षी गावातल्या काही तरुण मंडळींनी लासलगाववर एक मिनिटाची फिल्म काढायचं मनावर घेतलं. पैसे व्यापारी, दुकानदार मिळून घालणार. मला म्हणाले, ‘भाई, चार ओळी लिहून द्या.’ त्यांच्या यादीत बाजार समितीचं प्रवेशद्वार होतं, होळकरांच्या वेळचा वारसा होता, शेजारच्या नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी होते. ते पक्षी घ्यावेतच. २०२० साली महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ म्हणून त्या जागेची नोंद झाली आहे आणि गोदाकाठी थंडीत उतरणारे थवे कुणालाही मोहात पाडतील. पण यादीत कांदा एकच वेळ होता, तोही ताटात, कापलेला.

मी त्यांना विचारलं, ही फिल्म कोणासाठी? पर्यटक येणार नाहीत. कांदा खाणाऱ्यालाही जाहिरातीची गरज नाही, तो खातोच. जाहिरात गिऱ्हाईक मागते. आपल्याला गिऱ्हाइकाची ददात नाही. आपल्याला हवं आहे ते दिल्ली-मुंबईच्या माणसाने भाव चढल्यावर लगेच शिव्या न देणं. बंदी घालायच्या आधी अधिकाऱ्याने चाळीत भरलेल्या कांद्याचा विचार करणं. मग त्याला चाळ दाखवा ना. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा काढून बांबूच्या चाळीत भरतात, तिथून पावसाळा संपेपर्यंत घरातली माणसं त्याला जपतात. रोज सकाळी चाळीपाशी जाऊन वास घेतात. एक सडला तर शेजारचे दहा जातात. वासावरून कळतं. फाळक्यांनी वाटाण्याला महिना दिला, तुम्ही चाळीला पाच महिने द्या. त्याच जागी कॅमेरा ठेवा, रोज थोडं चित्रण करा. कांदा उतरत जाताना, त्याचं वजन घटताना दिसू दे. खळ्यावरच्या बायकांचे हात घ्या. हमालाची पाठ घ्या. बोलू नका काही.

‘मग तुमच्या ओळी कुठे टाकायच्या?’ एकाने विचारलं.

मी म्हटलं, शेवटी गावाचं नाव येऊ द्या, तेवढं पुरे. त्यांना ते पटलेलं नाही. एका मिनिटात पाच महिने कसे बसवणार, आणि सडका कांदा दाखवला तर बाजार काय म्हणेल, असं त्यांचं म्हणणं. चर्चा चालू आहे. त्यांच्यातल्या एका मुलाने मात्र यंदा घरच्या चाळीसमोर मोबाइल बांधून ठेवला आहे. रोज सकाळी सात वाजता एक फोटो. परवा त्याने मला पहिले चाळीस दिवस दाखवले. फारसं काही हलत नाही त्यात. मधेच एका सकाळी त्याची आजी येते, वाकून वास घेते आणि निघून जाते.