बिऱ्हाड आणि कोयता

दसऱ्याला भगवानगडावर दर्शन झालं की पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वाड्यावस्त्यांवर बांधाबांध सुरू होते. बाजरीचं पोतं, पत्र्याची पेटी, तवा, कळशी, गोधड्या, कोपीसाठी म्हणजे झोपडीसाठी बांबू, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या आणि या सगळ्यावर बसवलेली पोरं. एवढ्या सगळ्याला मिळून मराठीत एकच शब्द पुरतो, बिऱ्हाड.

शब्द मूळचा कन्नड. तिकडे बिडार म्हणजे मुक्कामाची, तात्पुरती राहण्याची जागा. मराठीत त्याचं बिढार झालं आणि अक्षरांची अदलाबदल होऊन बिऱ्हाड. भालचंद्र नेमाड्यांनी १९७५च्या आपल्या कादंबरीला नाव दिलं ते जुन्या रूपाचं. अर्थ मात्र जागेवरून हळूहळू माणसांवर सरकला. ‘वाड्यात आठ बिऱ्हाडं आहेत’ असं म्हणताना आपण खोल्या मोजत नाही, चुली मोजतो. शहरात नोकरी लागलेला मुलगा ‘बिऱ्हाड केलं’ म्हणतो तेव्हा बायको आली, गॅस आला, शेजार जुळला, हे सारं त्यात येतं. मुक्काम हलता असला तरी संसार पुरा आहे, ही या शब्दाची ग्वाही. म्हणून तो मला फार मोलाचा वाटतो.

हेच बिऱ्हाड उसाच्या फडावर उतरलं की त्याचं नाव बदलतं. तिथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादम किती माणसं आणली हे सांगत नाही, किती कोयते आणले ते सांगतो. एकटा गडी किंवा एकटी बाई असेल तर ‘अर्धा कोयता’. कन्नडमध्ये कोय्यु, तेलुगूत कोयु म्हणजे कापणं. त्याच घराण्यातलं हे हत्यार. कोयता चालतो नवऱ्याच्या हातात. पाचट बाजूला करणं, मोळी बांधणं, ती डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेणं यात बायकोचा दिवस जातो. पहाटे उठून भाकरी थापलेली असते ती वेगळीच. पण उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, लिहिली जाते कोयत्याच्या नावावर, आणि ते नाव पुरुषाचं असतं. कोणी आजारी पडलं तर ‘खाडा’ धरून पैसे कापतात. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते.

उचल देणारा मुकादम हा शब्द एकेकाळी फार मानाचा होता. अरबी मुकद्दम म्हणजे पुढे केलेला, अग्रभागी असलेला. ‘कदम’ याच धातूचा. निजामशाहीच्या आणि शिवकाळाच्या कागदांत ‘मोकदम’ म्हणजे गावचा पाटील. पुढे हे नाव मजुरांच्या टोळीच्या म्होरक्याकडे आलं.

समुद्रापलीकडे या मुकादमाला एक भावंड सापडतं. १८८० ते १९२० या काळात चाळीस लाखांवर इटालियन अमेरिकेत गेले. सुरुवातीला पुष्कळसे एकटे पुरुष, हंगाम करून परतणारे. त्यांना रेल्वेच्या, बांधकामाच्या कामावर लावणारा, आगाऊ पैसे देऊन मजुरीतून कापून घेणारा दलाल त्यांच्याच मुलखातला असे. त्याला म्हणत पाद्रोने. लॅटिन पातेर, म्हणजे बाप, त्यावरून पात्रोनुस आणि त्यावरून पाद्रोने. बाहेरून करार करून मजूर आणायला अमेरिकेने १८८५ साली कायद्याने बंदी घातली, तरी पाद्रोने लगेच हटला नाही. तो मागे पडत गेला तो बायका-मुलं येऊन घरं वसली, आधी स्थिरावलेला भाऊ, मेहुणा, गाववाला काम मिळवून देऊ लागला तेव्हा. कुटुंब आलं आणि दलालाची गरज कमी झाली.

आपल्याकडे उलटं झालं. इथे कुटुंबच कराराचं माप ठरलं. त्यामुळे सोबत बायको आहे, पोरं आहेत, चूल आहे, तरी वस्ती होत नाही. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की कोपी मोडायची.

आणि मजुराच्या गावापासून उसाच्या फडापर्यंतचं हे अंतर काही सातासमुद्रांचं नाही. १९२६ साली पुरं झालेलं भंडारदरा धरण, त्याच्या कालव्यांवर फुललेला श्रीरामपूर-राहात्याचा पट्टा, १९५० साली लोणीजवळ प्रवरानगरला सुरू झालेला सहकारी साखर कारखाना आणि पाथर्डीची कोरडी माळरानं एकाच जिल्ह्यात आहेत. सहकाराने ‘सभासद’ हा शब्द शेतकऱ्याच्या घरात आणला, ही मोठी गोष्ट झाली. ऊस तोडणाऱ्याच्या वाट्याला तसा शब्द आला नाही. पाथर्डीच्या बबनराव ढाकण्यांसारख्यांनी संघटना बांधल्या, दरवाढीसाठी संप झाले, पोरांसाठी साखरशाळा निघाल्या. कोयता मात्र वहीत तसाच राहिला.

माझं म्हणणं साधं आहे. मुकादमाच्या आणि कारखान्याच्या वहीत दोन ओळी हव्यात. एकीवर त्याचं नाव आणि मजुरी, दुसरीवर तिचं नाव आणि मजुरी. उचल घेताना सही किंवा अंगठाही दोघांचा.